गृहसंस्था : सार्वजनिक की खाजगी?
इंग्लंडमधील एका वर्गीकरणाचा विचार

प्रश्नाचे स्वरूप

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे घरमालक स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार खाजगी घरमालकांचा, दुसरा स्थानिक परिषदांचा, म्हणजे ज्यांना तेथे कौन्सिल म्हणतात त्यांचा, आणि तिसरा ‘हौसिंग असोसिएशन’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थांचा. पहिल्या दोन प्रकारांच्या स्वरूपाविषयी मतभेदाला जागा नाही. स्वतःच्या लाभासाठी घर भाड्याने देणारा मालक खाजगी होय, आणि लोकनियुक्त परिषद ही सार्वजनिक सत्ता होय. तिसऱ्या प्रकाराविषयी मात्र असे निश्चित विधान करता येत नाही. ह्या संस्था सरकार चालवीत नाही, आणि त्यांतील बहुतेक नफ्यासाठीही चालत नाहीत. त्यांची घरे बऱ्याच अंशी सरकारी अनुदानातून उभी राहिली. परंतु त्यांचे कार्यकारी मंडळ सरकार नेमीत नाही. इंग्लंडमधील सुमारे २५ लाख कुटुंबे, म्हणजे साधारणतः दहांतील एक कुटुंब, ह्या संस्थांच्या घरांत राहते. कौन्सिलच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांपेक्षा ही संख्या मोठी आहे.

वरवर पाहता हा केवळ नामकरणाचा प्रश्न वाटेल. वस्तुतः त्याच्या उत्तरावर तीन महत्त्वाच्या गोष्टी अवलंबून आहेत. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा निर्णय संस्थेने घेतल्यास मूलभूत हक्कांच्या आधारे त्या निर्णयाचा जाब विचारता येईल की नाही, ही पहिली गोष्ट. नवी घरे बांधण्यासाठी संस्थेने काढलेले कर्ज राष्ट्राच्या कर्जात धरले जाईल की नाही, ही दुसरी. आणि संस्थेच्या कारभाराची माहिती मागण्याचा अधिकार नागरिकाला पोहोचतो की नाही, ही तिसरी. ह्या तिन्ही प्रश्नांना मिळालेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम संज्ञेविषयी खुलासा करणे इष्ट आहे. महाराष्ट्रात ‘गृहनिर्माण संस्था’ म्हटले की सहकारी कायद्याखाली नोंदलेली, सदनिकाधारकांनी स्वतःची म्हणून चालविलेली संस्था डोळ्यांपुढे येते. तेथे राहणारा हाच सभासद असतो आणि सभासद हाच संस्थेचा धनी असतो. इंग्लंडमधील हौसिंग असोसिएशन ही बहुधा अशी नसते. ती घरमालक असते आणि तिच्या घरात राहणारा हा तिचा भाडेकरू असतो. हा भेद स्पष्ट राहावा म्हणून ह्या लेखात तिला केवळ ‘गृहसंस्था’ असे म्हटले आहे.

गृहसंस्थांची घडण

गृहसंस्थांचा उगम एकोणिसाव्या शतकातील परोपकारबुद्धीत आहे. लंडनमध्ये व्यवसाय करणारा अमेरिकन धनिक जॉर्ज पीबॉडी ह्याने १८६२ साली शहरातील गरिबांसाठी मोठी देणगी दिली, आणि तिच्यातून उभारलेली पहिली इमारत १८६४ साली स्पिटलफील्ड्स भागात खुली झाली. पुढे १८९० साली गिनेस न्यास स्थापन झाला. त्याच काळात काही कंपन्या गुंतवणूकदारांना शेकडा पाच इतका मर्यादित लाभांश देऊन कामगारांसाठी चाळीवजा इमारती बांधीत होत्या. ह्या पद्धतीला ‘पाच टक्क्यांचा परोपकार’ असे म्हटले जाई. गृहसंस्थेची कायदेशीर व्याख्या ह्या इतिहासाची खूण आजही बाळगून आहे. १९८५ च्या गृहसंस्था अधिनियमानुसार गृहसंस्था म्हणजे घरे पुरविणे, बांधणे, सुधारणे किंवा त्यांची व्यवस्था पाहणे ह्यासाठी स्थापन झालेली अशी संस्था, की जी नफ्यासाठी व्यापार करीत नाही, किंवा जिच्या घटनेनुसार सरकारी कोषाने ठरविलेल्या दरापेक्षा अधिक व्याज वा लाभांश देता येत नाही.

१९१९ च्या गृहनिर्माण अधिनियमानंतर घरे बांधण्याची मुख्य जबाबदारी कौन्सिलांनी उचलली आणि गृहसंस्था मागे पडल्या. त्यांना पुन्हा चालना मिळाली ती १९६० नंतर. १९६४ च्या अधिनियमाने ‘हौसिंग कॉर्पोरेशन’ हे मध्यवर्ती मंडळ निर्माण झाले. १९७४ च्या अधिनियमाने ह्या मंडळाकडे नोंदलेल्या संस्थांना मोठ्या प्रमाणावर अनुदान देण्याची व्यवस्था केली. बांधकामाच्या भांडवली खर्चाचा फार मोठा भाग सरकारी तिजोरीतून येऊ लागला. १९८० च्या कायद्याने तर गृहसंस्थांच्या भाडेकरूंना कौन्सिलच्या भाडेकरूंच्या जोडीलाच बसविले आणि दोघांनाही ‘सुरक्षित’ भाडेकरार दिले. ह्या काळापुरते पाहिले तर गृहसंस्था सार्वजनिक क्षेत्राच्या अगदी निकट आलेल्या होत्या.

१९८८ च्या अधिनियमाने ही दिशा पालटली. अनुदानाचे प्रमाण कमी करून उरलेली रक्कम संस्थांनी बँकांकडून कर्जाऊ घ्यावी, असे धोरण ठरले. जानेवारी १९८९ च्या मध्यापासून होणारे त्यांचे नवे भाडेकरार खाजगी घरमालकांना लागू असलेल्या कायद्याखाली आले. त्याच सुमारास आणखी एक मोठी घडामोड सुरू झाली. डिसेंबर १९८८ मध्ये चिल्टर्न जिल्हा परिषदेने आपली सर्व घरे एका नव्या गृहसंस्थेच्या हवाली केली. तिचे अनुकरण इतर अनेक परिषदांनी केले, आणि पुढील काळात दहा लाखांहून अधिक घरे अशा रीतीने कौन्सिलांकडून गृहसंस्थांकडे गेली.

ह्या हस्तांतरामागील कारण वर्गीकरणाशीच निगडित आहे. कौन्सिलने घरांच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढले, तर ते सार्वजनिक कर्ज ठरते आणि त्यावर सरकारचे निर्बंध येतात. तीच घरे गृहसंस्थेच्या नावे झाली आणि तेच कर्ज गृहसंस्थेने काढले, तर ते खाजगी कर्ज ठरते. घरे तीच, भाडेकरू तेच, दुरुस्तीही तीच. परंतु मालकाचे वर्गीकरण बदलल्यामुळे जे काम पूर्वी अडत होते ते पार पडू लागले.

‘नफ्यासाठी नाही’ ह्याचा अर्थ

गृहसंस्था नफा मिळवीत नाहीत ह्याचा अर्थ त्यांच्या जमाखर्चात शिल्लक राहत नाही, असा नव्हे. मोठ्या संस्थांपाशी दरवर्षी पुष्कळ शिल्लक राहते, आणि ती राहणे आवश्यकही असते. कारण तिच्या बळावरच बँका कर्ज देतात. भेद आहे तो शिल्लक कोठे जाते ह्याचा. ती भागधारकांना वाटली जात नाही. घरांची दुरुस्ती, कर्जाची फेड आणि नवे बांधकाम ह्यांकडे ती वळविली जाते. अनेक संस्था धर्मादाय म्हणून मान्यता पावलेल्या आहेत, आणि अशा संस्थेची मालमत्ता तिच्या उद्दिष्टांसाठीच वापरावी लागते. अनेक संस्था बाजारभावाने विकण्यासाठीही काही घरे बांधतात आणि त्या विक्रीचे उत्पन्न अल्पभाड्याच्या घरांकडे वळवितात.

येथे एक सूक्ष्म फरक ध्यानात ठेवला पाहिजे. २००८ च्या गृहनिर्माण व पुनरुज्जीवन अधिनियमाने नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनाही अल्पभाड्याच्या घरांच्या पुरवठादार म्हणून नोंदणीची मुभा दिली. म्हणजे ‘नोंदणीकृत पुरवठादार’ आणि ‘ना-नफा संस्था’ हे शब्द आता समानार्थी राहिले नाहीत. तसेच, नफा न मिळविणे हे सार्वजनिक असण्याचे लक्षण नव्हे. एखादा खाजगी न्यासही नफा मिळवीत नाही, आणि सरकारी मालकीची कंपनी नफा मिळवू शकते. हेतू आणि मालकी ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ह्या विषयावरील चर्चेत जो घोटाळा होतो, त्यातील बराचसा ह्या दोहोंची गल्लत केल्याने होतो.

न्यायालयांची कसोटी

मानवी हक्कांविषयीचा १९९८ चा अधिनियम सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. ज्यांची काही कार्ये ‘सार्वजनिक स्वरूपाची’ आहेत अशा संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. मात्र एखादी विशिष्ट कृती खाजगी स्वरूपाची असेल, तर त्या कृतीपुरती अशी संस्था प्राधिकरण ठरत नाही. म्हणजे ह्या अधिनियमाचा प्रश्न ‘ही संस्था कोण आहे?’ असा नसून ‘ही संस्था येथे काय करीत आहे?’ असा आहे.

२००१ साली पूर्व लंडनमधील पॉप्लर येथील गृहसंस्थेच्या प्रकरणात अपील न्यायालयापुढे हा प्रश्न आला. ही संस्था टॉवर हॅम्लेट्सच्या कौन्सिलनेच आपली घरे घेण्यासाठी निर्माण केली होती आणि कौन्सिलचे सदस्य तिच्या मंडळावर होते. लॉर्ड वुल्फ ह्यांच्या न्यायपीठाने ही संस्था त्या प्रकरणापुरती सार्वजनिक कार्य करणारी ठरविली. परंतु त्या निर्णयाचा भर कौन्सिलशी असलेल्या निकट संबंधावर होता. ज्या जुन्या संस्था स्वतंत्रपणे वाढल्या, त्यांचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

२००७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने वृद्धाश्रमाविषयीच्या एका प्रकरणात तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने विरुद्ध दिशेचा निर्णय दिला. कौन्सिलच्या खर्चाने एखाद्या वृद्धेला सांभाळणारी खाजगी कंपनी त्यामुळे सार्वजनिक कार्य करीत नाही, असे त्यात ठरले. वृद्धाश्रमांपुरता हा परिणाम पार्लमेंटने २००८ साली कायदा करून दूर केला. परंतु गृहसंस्थांविषयी त्या कायद्यात काही म्हटले नव्हते.

ह्या पार्श्वभूमीवर २००९ सालचा लंडन अँड क्वाड्रंट ह्या मोठ्या गृहन्यासासंबंधीचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. भाड्याची थकबाकी झाल्यामुळे एका भाडेकरू स्त्रीविरुद्ध न्यासाने घराचा ताबा मागितला होता. त्या वेळच्या कायद्यानुसार थकबाकी ठराविक मर्यादेपलीकडे गेली की न्यायालयाला ताबा देणे भागच पडे; भाडेकरूच्या अडचणींचा विचार करण्यास वाव नसे. न्यासाने आधी इतर वाजवी उपाय करून पाहावयास हवे होते, असे तिचे म्हणणे. हे म्हणणे ऐकून घेतले जाण्यासाठी न्यास सार्वजनिक कार्य करीत आहे, हे आधी सिद्ध होणे आवश्यक होते. अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने ते मान्य केले. न्यायमूर्ती ईलायस ह्यांनी कारणे दिली ती अशी : न्यासाला मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक अनुदान मिळालेले आहे; घरांचे वाटप स्थानिक परिषदांशी मेळ राखून होते; बाजारभावापेक्षा कमी भाड्याने गरजूंना घर पुरविणे हे शासकीय स्वरूपाचे कार्य म्हणता येते; आणि न्यास लोकहितासाठी काम करतो. ह्यांतील एकेक कारण एकटे पुरेसे नाही; सर्व मिळून ती पुरेशी आहेत. भाडेकरार संपविणे ही कृती घर पुरविण्याच्या कार्यापासून वेगळी काढता येत नसल्यामुळे तीही खाजगी ठरत नाही. न्यायमूर्ती रिक्स ह्यांचे मत भिन्न होते. घरमालक आणि भाडेकरू ह्यांच्यातील करार हा मूलतः खाजगी व्यवहारच होय, असे त्यांना वाटले.

विशेष म्हणजे ज्या भाडेकरूच्या प्रकरणातून हे तत्त्व प्रस्थापित झाले, तिचा स्वतःचा दावा खालच्या न्यायालयात वस्तुस्थितीच्या आधारे फेटाळला गेला होता. ह्या निर्णयाची मर्यादाही स्पष्ट आहे. पूर्ण बाजारभावाने भाडे देणाऱ्या भाडेकरूला तो लागू होत नाही. २०१६ साली पीबॉडी न्यासाविषयीच्या एका प्रकरणात, खुल्या बाजारातून उभारलेल्या पैशाने घेतलेल्या आणि विशिष्ट वर्गातील नोकरदारांसाठी असलेल्या घराच्या बाबतीत न्यास सार्वजनिक कार्य करीत नव्हता, असे उच्च न्यायालयाने ठरविले. म्हणजे एकाच संस्थेच्या दोन घरांत राहणाऱ्या दोघा भाडेकरूंपैकी एकाच्या दृष्टीने ती सार्वजनिक आणि दुसऱ्याच्या दृष्टीने खाजगी असू शकते.

सांख्यिकीची कसोटी

राष्ट्रीय जमाखर्च मांडणाऱ्या सांख्यिकीचा प्रश्न निराळा आहे. युरोपीय लेखापद्धतीच्या नियमांनुसार संस्था कोणते कार्य करते हे गौण ठरते. तिच्या सर्वसाधारण धोरणावर नियंत्रण कोणाचे आहे, हे पाहावयाचे असते. ह्याच नियमांच्या आधारे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ३० ऑक्टोबर २०१५ रोजी इंग्लंडमधील नोंदणीकृत गृहसंस्थांना ‘सार्वजनिक बिगरवित्तीय निगम’ ह्या वर्गात घातले. घरे विकण्यास सरकारी संमतीची अट, संस्थेच्या विसर्जनावर व पुनर्रचनेवर असलेले अधिकार आणि व्यवस्थापक नेमण्याचे नियामकाचे अधिकार ही त्यामागील कारणे होती. हे अधिकार २००८ च्या अधिनियमात असल्यामुळे वर्गीकरणही जुलै २००८ पासून लागू धरले गेले. सात वर्षे आपण सार्वजनिक होतो, हे संस्थांना सात वर्षांनंतर कळले.

परिणाम मोठा होता. संस्थांचे सुमारे ६० अब्ज पौंडांचे कर्ज सार्वजनिक कर्जात जमा झाले. ह्यापुढे गृहसंस्थेने घर बांधण्यासाठी काढलेला प्रत्येक पौंड सरकारच्या कर्जमर्यादेशी स्पर्धा करणार, आणि आज ना उद्या सरकार त्यावर निर्बंध घालणार, अशी भीती निर्माण झाली. १९८८ पासून ज्या पायावर ही सारी रचना उभी होती, तोच पाया डळमळीत झाला.

सरकारने ह्यावर योजलेला उपाय सरळ होता. नियंत्रणामुळे संस्था सार्वजनिक ठरत असतील, तर नियंत्रण कमी करावयाचे. २०१६ च्या गृहनिर्माण व नियोजन अधिनियमाने घरे विकण्यासाठी लागणाऱ्या संमतीची अट काढून टाकली. ही तरतूद एप्रिल २०१७ पासून अमलात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संस्थांच्या मंडळांवरील परिषदांच्या प्रतिनिधींचे प्रमाण चोवीस टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारे नियम लागू झाले. ते अमलात आले त्याच दिवशी, म्हणजे १६ नोव्हेंबर २०१७ रोजी, सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडमधील गृहसंस्था पुन्हा खाजगी क्षेत्रात घातल्या. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथेही २०१६ च्या वर्गीकरणानंतर असेच कायदे करावे लागले. भाडेकरूच्या भाड्यात, घरात किंवा करारात ह्या दोन तारखांपैकी कोणत्याही दिवशी काहीच बदल झाला नाही. परंतु घरे विकण्यावरील सरकारी देखरेख, जी भाडेकरूंच्याही हिताची म्हणता आली असती, ती जमाखर्चाच्या एका स्तंभासाठी सोडून द्यावी लागली, हे नमूद केले पाहिजे.

खरेदी आणि माहिती

सार्वजनिक खरेदीच्या युरोपीय नियमांची कसोटी आणखी वेगळी होती. संस्था लोकहिताच्या, व्यापारी नसलेल्या गरजा भागविण्यासाठी स्थापन झाली आहे काय, आणि तिचा पैसा बहुतांशी राज्याकडून येतो किंवा तिच्या व्यवस्थापनावर राज्याची देखरेख आहे काय, हे त्यात पाहिले जाई. २००१ साली युरोपीय न्यायालयाने फ्रान्समधील अल्पभाड्याच्या घरांच्या संस्थांना हे नियम लागू केले. इंग्लंडमध्येही २००४ पासून सरकारने गृहसंस्थांच्या बाबतीत हीच भूमिका स्वीकारली. त्यामुळे मोठ्या बांधकामाची कंत्राटे देताना गृहसंस्थेला सार्वजनिक खरेदीदाराप्रमाणे जाहीर निविदा मागवाव्या लागत.

माहितीच्या बाबतीत स्थिती उलट आहे. माहिती-स्वातंत्र्याविषयीचा २००० चा अधिनियम इंग्लंडमधील कौन्सिलांना लागू आहे; गृहसंस्थांना तो लागू करण्यात आला नाही. स्कॉटलंडने मात्र ११ नोव्हेंबर २०१९ पासून आपला माहितीविषयक कायदा नोंदणीकृत गृहसंस्थांना लागू केला. संस्थांचे स्वरूप दोन्हीकडे बरेचसे सारखे असताना नागरिकाचा अधिकार सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे भिन्न झाला.

घरांची दुरवस्था आणि भाडेकरूंच्या तक्रारींकडे होणारे दुर्लक्ष ह्यांचा प्रश्न २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरमधील अग्निकांडानंतर ऐरणीवर आला. तो मनोरा कौन्सिलच्या मालकीचा होता, तरी त्यानंतर झालेला विचार सर्वच अल्पभाड्याच्या घरांविषयी होता. डिसेंबर २०२० मध्ये रोचडेल येथे एका नोंदणीकृत संस्थेच्या घरात दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला, आणि घरातील बुरशीच्या दीर्घ संसर्गामुळे तो झाल्याचा निष्कर्ष २०२२ सालच्या चौकशीत निघाला. २०२३ च्या अधिनियमाने नियामकाला भाडेकरूंच्या हितासाठी हस्तक्षेप करण्याचे व्यापक अधिकार दिले. ओल आणि बुरशी ठराविक मुदतीत दूर करण्याचे बंधन ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. म्हणजे २०१७ साली खाजगी ठरण्यासाठी जे नियमन सैल करण्यात आले, ते सहा वर्षांनी वेगळ्या अंगाने पुन्हा आवळावे लागले.

निष्कर्ष

ह्या विवेचनावरून असे दिसते की, एकच गृहसंस्था राष्ट्रीय जमाखर्चात खाजगी आहे, भाडेकराराच्या समाप्तीपुरती न्यायालयात बव्हंशी सार्वजनिक आहे, खरेदीच्या नियमांत ती सार्वजनिक गणली गेली, आणि माहितीच्या कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडमध्ये खाजगी व स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक आहे. ही विसंगती सर्वस्वी अविचाराची नव्हे. सांख्यिकी विचारते : निर्णय कोण घेतो? मानवी हक्कांचा कायदा विचारतो : कार्य कोणते आहे? खरेदीचा कायदा विचारीत असे : हेतू काय, आणि पैसा व देखरेख कोणाची? प्रश्न भिन्न असल्यामुळे उत्तरे भिन्न येणे स्वाभाविक आहे.

भारतीय वाचकाला हा विचार अपरिचित नाही. केरळमधील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच भेद केला. निबंधकाची कायदेशीर देखरेख आहे एवढ्याने सहकारी संस्था माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. त्यासाठी भरीव शासकीय अर्थसाहाय्य किंवा खरेखुरे नियंत्रण सिद्ध व्हावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. नियमन आणि नियंत्रण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

धोका आहे तो एका कसोटीचे उत्तर दुसऱ्या कसोटीला लावण्यात. सांख्यिकी कार्यालयाने संस्थेला खाजगी म्हटले, म्हणून भाडेकरूला घराबाहेर काढताना तिने कोणालाही उत्तर देऊ नये, असे होत नाही. उलट, न्यायालयाने तिला सार्वजनिक म्हटले, म्हणून तिचे कर्ज सरकारचे ठरत नाही. गृहसंस्था सार्वजनिक की खाजगी, हा प्रश्न जेव्हा विचारला जातो, तेव्हा तो कोणत्या कारणासाठी विचारला जात आहे, हे प्रथम स्पष्ट करणे अगत्याचे आहे. त्यावाचून दिलेले कोणतेही उत्तर अपुरे राहील, आणि त्या अपुरेपणाची किंमत बहुधा भाडेकरूलाच मोजावी लागेल.